जाड भिंतींच्या जुन्या घरात नेटवर्क: तार कुठून, किती आणि कशी?

उंबरठा

घर जुने, दोन मजली. मधल्या भिंती दीड फूट जाडीच्या, दगड-चुन्याच्या. वरचा मजला लाकडी तुळयांवर. फायबरचा डबा पुढच्या खोलीत आहे आणि त्यातलेच वायफाय वापरात आहे. मोबाइलवर ५ गिगाहर्ट्झचे मोजमाप (सिग्नलची ताकद, शून्याच्या जितके जवळ तितके चांगले) असे आले: डब्याच्या खोलीत −४८ डीबीएम, शेजारच्या खोलीत −६६, त्यापलीकडच्या खोलीत −८१. मागच्या खोलीत व्हिडिओ कॉल टिकत नाही.

प्रश्न तीन.
१. मेशचे (एकमेकांशी बिनतारी बोलून घरभर वायफाय पसरवणारे) दोन-तीन डबे आणून भागेल, की तार ओढावीच लागेल?
२. तार ओढायची तर अशा भिंतीतून कशी?
३. सगळे स्वतः करायचे आहे. कुठे हात घालू नये?

मापटे

आकडे दिलेत हे बरे केलेत, नाहीतर "रेंज येत नाही" एवढ्यावर काही सांगता येत नाही.

पहिल्या भिंतीने १८ डीबी खाल्ले, दुसरीने १५. दर ३ डीबीला शक्ती निम्मी होते. म्हणजे पहिल्या भिंतीपलीकडे साधारण ६३वा हिस्सा पोचला आणि दुसरीने त्याचा पुन्हा ३२वा हिस्सा केला. व्हिडिओ कॉलला −६७ च्या आसपास हवे. −८० च्या खाली फोन नुसता जोडलेला दिसतो, काम करत नाही.

आता मेश. मेशचा दुसरा डबा लोक नेमका जिथे रेंज नाही तिथे ठेवतात. पण त्या डब्यालाही पहिल्याकडून −८१ च मिळणार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? डबा मधल्या खोलीत ठेवला तर त्याला −६६ मिळेल, पण त्याच्यापुढे पुन्हा १५ डीबीची भिंत आहेच. शिवाय ज्या मेशमध्ये डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ नसतो, तिथे प्रत्येक टप्प्याला वेग अंदाजे निम्मा होतो. तीन डबे म्हणजे दोन टप्पे, उरला पाव. मेशचे डबे घ्यायला हरकत नाही, पण त्यांना मागून तार द्या. जाड भिंतींच्या घरात चांगल्या वायफायसाठीच तार लागते, हे आधी मनाशी पक्के करा.

मोजताना एवढे पाळा: दारे बंद, फोन कमरेच्या उंचीवर, एका जागी किमान दहा सेकंद, आणि २.४ व ५ गिगाहर्ट्झचे आकडे वेगवेगळे लिहा. एखादी पातळ भिंत अचानक २५-३० डीबी खात असेल तर गिलाव्याखाली लोखंडी जाळी आहे असे समजा. मोठा आरसा, लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी यांचाही तोच गुण.

चुनखडी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ड्रिल हातात घेण्याआधी घरातली आयती भोके शोधा. जुन्या टेलिफोनची तार आत आली ते भोक, बंद झालेला धुराचा मार्ग, जिन्याखालची पोकळी, भिंतीतल्या कपाटाचा मागचा कोपरा, वरच्या मजल्याची फळी आणि भिंत यांच्यातली फट. जुन्या घरात निम्मा रस्ता असाच सापडतो.

भोक पाडावेच लागले तर:

दगड-चुन्याची भिंत एकसंध नसते. दोन्ही तोंडांना घडवलेले दगड, मध्ये भराव, म्हणजे खडी, माती, चुना. पहिले चार-सहा इंच ड्रिल रडतखडत जाते, मग एकदम आत धसते आणि पलीकडच्या दगडावर पुन्हा अडते. त्या धसण्याच्या क्षणी मनगट पिरगळते, म्हणून बाजूचा दांडा धरूनच काम करा. साध्या ड्रिलने हे होत नाही, एसडीएस हॅमर ड्रिल लागतो. दीड फुटासाठी ६०० मिमी लांबीचे बिट घ्या. ४५० मिमीच्या भिंतीला ४५० चे बिट पुरत नाही, कारण चकमध्येही काही भाग जातो.

आधी ८ मिमीचे भोक आरपार, मग त्याच वाटेने १६ मिमी. शेवटचे दोन इंच पलीकडून करा, नाहीतर पलीकडच्या गिलाव्याचा ताटलीएवढा पापुद्रा सुटून येतो. दर दोन इंचांनी बिट फिरत असतानाच मागे घेऊन भुकटी काढा. आणि बिट शेवटचे बाहेर काढले की लगेच पीव्हीसी पाइपचा तुकडा आत सरकवा. भराव ओघळून भोक बुजायला वेळ लागत नाही, आणि मग त्याच जागी पुन्हा पाडलेले भोक वाकडेच जाते.

बाहेरच्या भिंतीत भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवा, आणि तार आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्या. पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते, घरात येत नाही.

तुळईतून जायचे असल्यास तिच्या उंचीच्या मध्यावरूनच. भोकाचा व्यास त्या उंचीच्या पावपटीहून मोठा नको, आणि खालच्या कडेला खाच तर मुळीच मारू नका. तुळईचा सगळा ताण तळाला असतो.

हात कुठे घालू नये, तर जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे आणि छताच्या जुन्या फरश्या. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसातून निघत नाही. तिथे ड्रिल लावायचेच नाही, रस्ता बदला. जुन्या रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा खरवडू नका, ओला करून काढा.

जुनाफेज

चुनखडींच्या यादीत विजेची भर घालतो. जुन्या घरातल्या विजेच्या तारा आजच्यासारख्या सरळ उभ्या-आडव्या गेलेल्या असतील असे गृहीत धरू नका. तिरक्या जातात, आणि कधी तीन-चार इंच खोल असतात. भिंतीवर फिरवायचे शोधयंत्र तेवढ्या खोलीवर गप्प बसते. म्हणून भोक पाडताना त्या भागाचा नव्हे, मुख्य स्विच बंद करा आणि ड्रिलला वीज बाहेरून किंवा बॅटरीची द्या. रबराचे किंवा कापडी वेष्टन असलेली तार उघडी सापडली तर ती वाकवूही नका. वेष्टन बिस्किटासारखे तुटते. ती जागा इलेक्ट्रिशियनची.

उंबरठा

धन्यवाद. विजेचा जुना पाइप पुढून मागपर्यंत गेलेला आहे, त्यात जागाही दिसते. त्यातूनच नेटवर्कची तार नेली तर भोकच पाडावे लागणार नाही. चालेल का?

जुनाफेज

नाही. दोन कारणे, आणि त्यातले लोक सांगतात ते दुय्यम आहे.

लोक सांगतात की विजेच्या तारेमुळे डेटात गोंधळ होतो. होतो, पण नेटवर्कच्या केबलमधल्या पिळलेल्या तारांच्या जोड्या त्यातला बराचसा पचवतात. खरे कारण वेगळे आहे. नेटवर्कच्या केबलचे वेष्टन घरगुती विजेच्या दाबासाठी बनवलेले नसते. जुन्या पाइपात एखाद्या तारेचे वेष्टन गेलेले असले आणि ओढताना घासले, तर तो दाब थेट राउटरच्या धातूच्या सॉकेटवर आणि तिथून हातावर. एकाच पाइपात किंवा एकाच बोर्डाच्या डब्यात दोन्ही नकोतच.

समांतर न्यायची वेळ आली तर निदान २० सेंमी अंतर ठेवा, आणि ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा.

तोच धागा धरून आणखी एक. जुन्या घरात अर्थिंग कित्येकदा नसते किंवा नावापुरते असते. अशा ठिकाणी "जास्त चांगली" म्हणून शील्डवाली (आत धातूचे आवरण असलेली) एफटीपी केबल घेऊ नका. शील्डला नीट अर्थ मिळाला नाही तर ती अँटेनासारखी वागते, आणि एखाद्या उपकरणाची गळती शील्डवरून घरभर फिरते. साधी, शील्ड नसलेली यूटीपी घ्या.

सूतदोरी

आता केबल. घरासाठी कॅट ६, यूटीपी, २३ गेज, सॉलिड कॉपर. १ गिगाबिटला १०० मीटर, १० गिगाबिटला सुमारे ५५ मीटर. घरातली कुठलीच ओढ तेवढी लांब नसते. भिंतीत सॉलिड (एकसंध तार), आणि उपकरणापर्यंतच्या पॅच कॉर्डला स्ट्रँडेड (बारीक तंतूंची). उलटे करू नका. सॉलिड तार वारंवार वाकली की तुटते आणि स्ट्रँडेड तार पंचडाउनच्या, म्हणजे सॉकेटमध्ये दाबून बसवायच्या, पात्यात नीट बसत नाही.

खरा धोका "सीसीए"चा, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. खोक्यावर बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. ओळखायची रीत: एक तार ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखे दिसले की सीसीए. त्याहून पक्की परीक्षा मल्टिमीटरची. ३०५ मीटरच्या नव्या खोक्यात केबलचे आतले टोक बहुधा मिळते. त्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा पिळून एकत्र करा आणि बाहेरच्या टोकाला त्याच जोडीचा रोध मोजा. २३ गेज शुद्ध तांब्याला ४१-४२ ओहम, २४ गेजला ५१-५२. साठीच्या वर गेला तर खोका परत. सीसीएचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. त्यावर पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज) चालवली की केबलचा जुडगा गरम होतो आणि लांबच्या टोकाला उपकरण मधेच बंद पडते. शिवाय ॲल्युमिनियम जोडात सैल पडत जाते, म्हणून दोष वर्षभराने उमटतो आणि शोधता येत नाही.

पाचवाखांब

सूतदोरी, कॅट ६ए का नको? एकदा भिंत फोडतोच आहोत तर पुढच्या वीस वर्षांचे बघावे.

सूतदोरी

@पाचवाखांब, वीस वर्षांचे बघायचे तर पाइप बघावा, केबल नव्हे. कॅट ६ए जाड, सात-साडेसात मिमी, ताठ, आणि जुन्या उथळ डब्यात वळत नाही. जबरदस्तीने वळवली तर तिचा गुण तिथेच संपतो. ५५ मीटरच्या आत कॅट ६ तोच १० गिगाबिट देते. ती बरोबर बसवणे नवख्याला जमते, ६ए बहुतेकदा जमत नाही. वाकवण्याची मर्यादा केबलच्या व्यासाच्या चौपट धरा. ६ मिमीच्या केबलला २५ मिमी त्रिज्या, म्हणजे बाटलीच्या झाकणापेक्षा मोठे वळण.

भिंतीत केबल गाडू नका, पाइप गाडा. पाइपात जागेच्या ४०% च केबल असावी. २५ मिमीच्या पाइपाची आतली पोकळी २१ मिमीच्या आसपास. त्यात कॅट ६ च्या चार केबल, पाचवी नाही. २० मिमीच्या पाइपात दोन. दोन काटकोनी वळणांनंतर मध्ये ओढीचा डबा ठेवा. एल्बो लावू नका, स्प्रिंग घालून वाकवलेला मोठा बाक द्या.

ओढण्याची कृती, कारण इथेच निम्म्या केबल मरतात:

पाइपात दोरी नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा बारीक दोऱ्याला बांधा, एका टोकाला सोडा आणि दुसऱ्या टोकाला व्हॅक्युम क्लीनर लावा. दोरा सुर्रकन येतो. त्याला जाड नायलॉनची दोरी बांधून ओढा, आणि तिला केबल. केबलची टोके एकाच ठिकाणी बांधू नका. पाच-पाच सेंमी मागेपुढे ठेवा म्हणजे गाठ निमुळती होते. वरून चिकटपट्टी ओढीच्या दिशेने गुंडाळा. एकाने खोक्यातून केबल सोडायची, दुसऱ्याने ओढायची, दोघांनी एकमेकांशी बोलत राहायचे. ताणाची मर्यादा ११० न्यूटन, म्हणजे ११ किलोचे वजन टांगल्याएवढा. अडली की झटका नको, मागे घेऊन पुन्हा. घर्षण कमी करायला टाल्कम पावडर चालते, साबण नको. वाळला की केबल पाइपाला चिकटते आणि पुढे कधी निघत नाही.

खोक्यातून येताना केबलला पीळ पडून कडक मुरड बसली तर ती सरळ करून पुढे पाठवू नका, तिथे कापा. आणि केबलबरोबर एक रिकामी दोरी नेहमी ओढून ठेवा.

ओढण्याआधी दोन्ही टोकांना आणि टोकापासून फूटभर आत नंबर टाका. टोक कापले जाते, नंबरही त्याच्याबरोबर जातो.

चिमटा

जोडणीवर कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. भिंतीतल्या केबलला थेट प्लग क्रिंप करू नका. भिंतीत कीस्टोन जॅक (सॉकेट), सगळ्या केबल जिथे येतात त्या कपाटात पॅच पॅनेल (सॉकेटची पट्टी), आणि पुढे तयार पॅच कॉर्ड.

जॅक बसवताना: बाहेरचे वेष्टन ४-५ सेंमी काढा. कापताना पाते आतल्या तारांना लागले का हे बघायला प्रत्येक तार एकदा वाकवा. ओरखडा असेल तर तिथेच पांढुरकी रेघ उमटते किंवा तार तुटते. तुटली तर पुन्हा कापून सुरुवात, डागडुजी नाही. कॅट ६ मधला प्लॅस्टिकचा क्रॉस वेष्टनाच्या कडेला अगदी लागून कापा. जोड्यांचा पीळ जॅकच्या दातापर्यंत ठेवा. उलगडलेला भाग १३ मिमीहून जास्त नको, आणि कमी जमला तर उत्तम. पंचडाउन टूलचे कापणारे पाते बाहेरच्या बाजूला, म्हणजे उरलेले टोक कापले जाते. पाते उलटे धरले तर आतली तार कापली जाते आणि आवाज तोच येतो.

जॅकवर ए आणि बी असे दोन रंगक्रम छापलेले असतात. घरभर एकच वापरा, बी घ्या. प्लगच्या भाषेत बी चा क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकवर मात्र हा क्रम शोधू नका, तिथे छापलेल्या रंगाप्रमाणे लावा. जॅकची आतली मांडणी वेगळी असते.

आता सर्वांत फसवा दोष. कोणी तरी "सुटसुटीत" म्हणून केशरी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी अशी ओळीने लावतो, दोन्ही टोकांना सारखीच. दिव्यांचा स्वस्त टेस्टर एक ते आठ सगळे हिरवे दाखवतो. पण पिन ३ आणि ६ ही एक जोडी असते, आणि या मांडणीत ३ ला पांढरा-हिरवा आणि ६ ला निळा येतो. दोघांचा एकमेकांशी पीळच नाही. याला स्प्लिट पेअर म्हणतात. दिवे लागतात, लिंकही लागते, आणि वेग कोसळतो. दिव्यांचा टेस्टर एवढेच सांगतो की तार तुटलेली नाही. स्प्लिट पेअर पकडणारा टेस्टर मागून घ्या, किंवा प्रत्यक्ष वेग मोजा.

मोजायला आयपर्फ३ हा प्रोग्राम. एका लॅपटॉपवर सर्व्हर, दुसऱ्यावर क्लायंट, दोन्ही तारेने. गिगाबिटच्या लिंकवर ९४० मेगाबिटच्या आसपास आले की काम चोख. ९४ आले तर लिंक १०० वर पडली आहे, म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीची एखादी तार बसलेली नाही. १०० मेगाबिटला त्या दोन जोड्या लागतच नाहीत. मधलाच आकडा, ३००-६००, आणि दर वेळी वेगळा असेल तर जोड पुन्हा करा. इंटरनेटच्या वेगचाचणीवर हे तपासू नका, त्यात बाहेरचा सगळा रस्ता मिसळतो.

उंबरठा

@चिमटा, स्पष्ट कळले. एक अडचण: वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत भोक पाडायला घरच्यांची हरकत आहे. गिलाव्यावर जुने नक्षीकाम आहे. तिथे डिशची जुनी कोॲक्स केबल आलेली आहे. विजेच्या तारेवरून नेट नेणारे प्लगही दिसले.

मापटे

कोॲक्स असेल तर मोका २.५ चे (कोॲक्सवरून नेट नेणारे) दोन अडॅप्टर लावा. तारेच्या बऱ्याच जवळ जाणारा पर्याय हाच. पण दोन अटी. त्याच केबलवर डिश चालू नको, कारण डिशचे ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ आणि मोकाचे ११२५ ते १६७५ एकमेकांवर येतात. दुसरे, मधला स्प्लिटर १६७५ मेगाहर्ट्झपर्यंतचा हवा. टीव्हीचे जुने स्प्लिटर १००० पर्यंतचे असतात. शक्य असेल तर स्प्लिटर काढून दोन केबल सरळ जोडा. आणि एफ कनेक्टर पिळून बसवायचे असतील तर कापून कॉम्प्रेशनचे लावा.

विजेवरचे प्लग हा शेवटचा उपाय. खोक्यावर छापलेल्या वेगाच्या पाव भागही जुन्या वायरिंगवर मिळेलच असे नाही. दोन खोल्या वेगळ्या फेजवर असतील तर लिंक लागेलच असे नाही. सर्ज प्रोटेक्टरच्या पट्टीत खोचू नका, ती पट्टी नेमका हाच सिग्नल गाळते. शेजारी मोबाइलचा चार्जर किंवा एलईडी दिव्याचा ड्रायव्हर असला तरी वेग पडतो.

पाचवाखांब

नक्षीच्या खोलीसाठी पारदर्शक फायबरही बघा. दोऱ्याएवढी बारीक, छताच्या कडेने चिकटवली की दोन पावलांवरून दिसत नाही. जी.६५७.ए२ प्रतीची घ्या, ती ७.५ मिमी त्रिज्येपर्यंत वळते. तरी कोपऱ्यात ३० मिमी द्या. दोन्ही टोकांना तयार कनेक्टर असलेलीच मागवा, जोडणीच्या फंदात पडू नका.

हिरवा कनेक्टर म्हणजे एपीसी, निळा म्हणजे यूपीसी. हिरव्याचे तोंड ८ अंशांनी तिरके घासलेले असते. हिरवा निळ्यात बसतो, पण मध्ये फट राहते, प्रकाश परततो, आणि दोन्ही तोंडे खराब होऊ शकतात. एकाच तंतूवर जाणे-येणे करणारे कन्व्हर्टर (फायबर आणि नेटवर्क केबल जोडणारे डबे) जोडीने घ्यावे लागतात. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट. दोन्ही एकाच प्रकारचे आले तर लिंक कधीच लागत नाही. डोळा लावून उजेड दिसतो का हे बघू नका. तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला लागतो.

मुख्य घर आणि मागची वेगळी खोली किंवा गोठा यांच्यामध्ये तर फायबरच. दोन इमारतींची अर्थ वेगळी असते. जवळपास वीज पडली की तांब्याच्या केबलमधून फरक वाहतो आणि दोन्हीकडचे स्विच एकदम जातात.

जुनाफेज

+१, शेवटच्या परिच्छेदाला विशेष.

पीओईबद्दल दोन ओळी. छतावरच्या ॲक्सेस पॉइंटला (तारेने जोडलेल्या वायफायच्या डब्याला) वेगळा विजेचा पॉइंट लागत नाही, त्याच केबलमधून वीज जाते. ८०२.३एएफ या मानकात स्विच १५.४ वॉट देतो, टोकाला १२.९५ धरायचे. ८०२.३एटी मध्ये ३० आणि २५.५. नव्या ॲक्सेस पॉइंटला बहुधा एटी लागते, डब्याखालचे लेबल वाचा. पॅसिव्ह २४ व्होल्टचे इंजेक्टर घेऊ नका. प्रमाणित पीओई आधी समोर कोण आहे हे तपासते आणि मगच वीज सोडते. पॅसिव्ह विचारत नाही. लॅपटॉप चुकून त्या केबलला लागला की पोर्ट गेले.

वीज गेल्यावर नेट चालू ठेवायचे असेल तर ऑप्टिकलचा डबा आणि राउटर दोघांनाही बॅकअप हवा, एकट्याला देऊन उपयोग नाही. हिशोब असा: १८६५० च्या तीन सेल, २६०० मिलीअँपिअरअवरच्या, गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे सुमारे २९ वॉटअवर. रूपांतरात पंधरा-वीस टक्के जातात, हाती २३-२४. दोन्ही डबे मिळून १२ वॉट खात असतील तर दोन तास. खोक्यावरचे "आठ तास" हे ३ वॉटच्या राउटरचे असतात. पिनची ध्रुवता आणि व्होल्टेज जुळवून घ्या. ९ व्होल्टच्या डब्याला १२ देऊ नका.

मापटे

तार झाली की वायफायची मांडणी. इथे लोक घाई करतात.

कंपनीच्या डब्यात राउटर आहे, त्यामागे तुमचा दुसरा राउटर लावलात तर दुहेरी नॅट होते, म्हणजे पत्ते दोनदा बदलले जातात. साधे ब्राउझिंग चालते, पण गेम, कॅमेरे, बाहेरून घरात जोडणी अडते. एक तर पहिला डबा ब्रिज मोडवर (राउटरचे काम बंद करून) घाला, नाहीतर तुमचे सगळे डबे ॲक्सेस पॉइंट मोडवर. जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरायचा आणि त्यात तो मोड नसेल तर: त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ सारखा मोकळा द्या, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचे काम) बंद करा, आणि केबल वॅनमध्ये नव्हे, लॅन पोर्टमध्ये लावा. क्रम हाच. डीएचसीपी बंद करण्याआधी केबल लावली तर घरात दोन जण पत्ते वाटत बसतात आणि निम्मी उपकरणे हरवतात.

सगळीकडे नाव आणि पासवर्ड एकच. २.४ ला २० मेगाहर्ट्झ रुंदी आणि १, ६, ११ यांपैकीच चॅनेल, शेजारच्या खोल्यांना वेगवेगळे. २.४ ची शक्ती कमी करा. जास्त ठेवली तर फोन लांबच्या डब्याला चिकटून राहतो, कारण कुठला डबा धरायचा हे फोन ठरवतो, राउटर नाही. ५ गिगाहर्ट्झला ५२ ते १४४ मधला चॅनेल निवडला तर डबा आधी मिनिटभर रडार आहे का ते ऐकतो, तोवर ५ चे नाव दिसत नाही. बिघडला समजून वायर उपसू नका.

उंबरठा

सर्वांचे आभार. आराखडा मांडतो, चूक असेल तर सांगा.

पाच जागा, प्रत्येकी दोन केबल. जिन्याखालच्या कपाटातून मोजलेली अंतरे ९, १२, १४, १७, २१ मीटर. बेरीज ७३, दुप्पट १४६. प्रत्येक केबलला भिंतीच्या डब्यात ३० सेंमी आणि कपाटात अडीच मीटर जादा, दहा केबलचे २८. एकूण १७४, त्यावर १०% धरून १९१ मीटर. म्हणजे ३०५ चा एक खोका. कीस्टोन जॅक १०, पॅच पॅनेल १२ पोर्टचे, स्विच १६ पोर्टचा, त्यातले ८ पीओई. ॲक्सेस पॉइंट दोन, एक मागच्या खोलीत, एक वरच्या मजल्यावर. नक्षीच्या खोलीला मोका. कपाटातून बाहेर निघताना सर्व दहा केबल एकाच २५ मिमीच्या पाइपातून, पुढे फाटे.

सूतदोरी

केबलचा हिशोब बरोबर. जॅक दोन-तीन जास्त घ्या, पहिले दोन सगळ्यांचेच फुकट जातात. शेवटचे वाक्य मात्र चूक. २५ च्या पाइपात चार. दहा केबलला ४०% च्या नियमाने आतला व्यास किमान ३० मिमी हवा, म्हणजे ४० मिमीचा पाइप किंवा २५ चे तीन. तीन घ्या, तुळईत तीन लहान भोके एका मोठ्यापेक्षा बरी. मात्र ती एकमेकांना खेटून पाडू नका.

चिमटा

पॅच पॅनेल १२ पोर्टचे पुरेल. स्विचवर मात्र एक सावधगिरी: प्रत्येक जागी दोन सॉकेट आहेत, तर कोणी तरी लहान स्विच आणून दोन्ही सॉकेटना एकदम जोडतो, "वेग दुप्पट होईल" म्हणून. तो फेरा होतो. साध्या स्विचमध्ये तोच संदेश गोल गोल फिरत वाढत जातो, सगळे दिवे एका तालात भराभर लुकलुकतात आणि सबंध घराचे नेट बसते. लूप ओळखणारा स्विच घ्या, किंवा दुसरे सॉकेट लागेपर्यंत पॅनेलवर न जोडता ठेवा.

चुनखडी

दोन मजल्यांमधली भोके उघडी ठेवू नका. आग लागली तर धूर त्याच वाटेने वर जातो. उष्णतेने फुगणारा सीलंट मिळतो, तो भरा. पाइपाच्या बाहेरूनही आणि केबलभोवती पाइपाच्या तोंडातही. फोम नको, साधा फोम जळतो. भरण्याआधी ती रिकामी दोरी दोन्ही टोकांना बांधलेली आहे ना, ते बघा. सीलंट सुकल्यावर दोरी आत निसटलेली कळते.

उंबरठा

@चुनखडी, केबलभोवती भरला तर पुढे नवी केबल कशी ओढायची?

चुनखडी

म्हणूनच तीन पाइपांपैकी एकात जागा उरेल अशी वाटणी करा. दोघांत चार-चार, उरलेल्या दोन तिसऱ्यात. त्या तिसऱ्याच्या तोंडात सीलंटऐवजी आगरोधक मऊ पुट्टी बसवा. ती सुकत नाही, हाताने काढता येते, काम झाले की पुन्हा तीच दाबता येते. दोरी त्याच पाइपात ठेवा.